बारीक ठिपके

बाबा, परवा ऑफिसात माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं, आणि निघाल्यावर मला माझाच राग आला. मी आता रोज जात नाही. आठवड्यातून दोनदा आरोग्याचं पान बघायला बोलावतात, दुपारी जातो आणि पान छपाईला सोडून घरी येतो. परवाचा मजकूर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर होता. लिहिणारी मुलगी चार-पाच वर्षं बातमीदारी करून मुरलेली आहे. तिनं मथळा दिला होता : 'औषधांना पुरून उरणारा महाभयंकर जंतू'. मी 'महाभयंकर' उडवलं.

ती खुर्ची ओढून समोर बसली. "सर, ते का काढलं?"

"औषधाला दाद देत नाही म्हणजे जंतू जास्त जहाल असतो, असं नसतं. निबरपणा वेगळा, जहालपणा वेगळा."

"मग कमी जहाल असतो का?"

"तसंही नसतं."

"अहो सर, मग वाचकानं घाबरायचं का न्हाई, तेवढं सांगा ना. सहाला पान सोडायचंय."

तिचं बरोबर होतं. माणसाला तेवढंच हवं असतं. पण 'निबरपणा वेगळा, जहालपणा वेगळा' हे वाक्य माझं नाही. तुमचं आहे, शब्दसुद्धा तुमचेच. त्याला तुम्ही आणखी एक अर्धं वाक्य जोडायचात. ते मी तिला सांगितलं नाही. त्या अर्ध्या वाक्यानं माय गेली.

नांदेडहून तुमची बदली लातूरला झाली तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालेलं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवर नवा रंग चढला होता आणि उन्हात बघितलं की खालच्या जुन्या जिल्ह्याची अक्षरं दिसायची. दवाखान्यातली तुमची लॅब म्हणजे एक खोली. त्यात एक सूक्ष्मदर्शक, जंतू वाढवायची एक ऊबपेटी आणि एका पायाखाली वीट घातलेलं टेबल. सामानाच्या मागण्या जुन्या जिल्ह्याकडूनच फिरून यायच्या, आल्या तर. त्यातच दुष्काळ. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, वीज आली की गेलीच. जंतूंना वाढायला जे खाद्य लागतं ते निर्जंतुक करायचं मोठं यंत्र तुमच्याकडे आलं होतं, पण ते पाणी आणि वीज दोन्ही मागायचं. मग तुम्ही त्या बाटल्या पिशवीत घालून सायकलवरून घरी आणायचात आणि मायच्या कुकरात लावायचात.

मला ते स्वयंपाकघर दिसतं. माय चुलीपाशी बसलेली आहे, हातात परात. तुम्ही स्टोव्हला पंप मारताय. कुकरात चार बाटल्या, त्यांच्या तोंडाला कापूस. माय म्हणते, "घरच्या डाळीला कुकर न्हाई, अन् तुमच्या जंतूंच्या खिरीला कुकर?" तुम्ही घड्याळ बघत म्हणता, "वीस मिनिटं. नुसती वीस मिनिटं." ती म्हणते, "लेकरं जेवायच्या आधी जंतू जेवून राहिले आपल्या घरात." तुम्ही हसत नाही. कामाच्या वेळी तुम्ही कधी हसला नाहीत.

औषधाच्या टिकल्याही तुम्ही हातानं करायचात. तयार टिकल्या जिल्ह्याला मिळत नव्हत्या. ऑफिसातलं कागदाला भोकं पाडायचं यंत्र आणून टीपकागदाला भोकं पाडायची, खाली पडलेल्या गोल टिकल्या गोळा करायच्या, एकेक औषधाच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या. जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत त्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती मोकळं रिंगण पडलं तर ते औषध चालतं. जंतू टिकलीला येऊन भिडले तर चालत नाही. एका रविवारी तुम्ही मला लॅबमध्ये नेलंत आणि मान धरून बशीवर वाकवलंत. "बघ. हे ठिपके मोठे, टपोरे. ह्यांना औषध लागू पडतं. अन् हे बघ, टिकलीला जाऊन भिडलेले. कसे हायत?"

"बारीक."

"बारीक अन् उशिरा आलेले. औषधाला तोंड द्यायचं म्हणजे जंतूला अंगावर ओझं घ्यावं लागतं. ओझं घेतलं की चाल मंद होते. निबरपणा वेगळा, जहालपणा वेगळा. अन् निबर झाला की जहालपणा जातोच."

हे ते अर्धं वाक्य : निबर झाला की जहालपणा जातोच. घरी येऊन तुम्ही तेच मायला सांगितलंत. ती भेंडी चिरत होती. पाण्याविना त्या वर्षी भेंडी झाडावरच जून व्हायची. तुम्ही एक उचलून मोडून दाखवलीत, ती मोडेना. "ही बघ. निबर झाली, आता हिच्यात रस न्हाई." माय तुमच्या हातातून भेंडी काढून घेत म्हणाली, "रस नसंल. पण ही शिजायला दुप्पट वेळ लागतो, अन् जळण माझं जातं." तेव्हा मी आणि माय हसलो. तुम्हीसुद्धा. पुढे वीस वर्षं मी डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या, भाषणं ऐकली, लेख वाचले. मायच्या त्या बोलण्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

तुमचा डोळ्यांवर विश्वास होता. तो कुठून आला ते मला ठाऊक आहे. मुखेड तालुक्यातल्या आपल्या वस्तीत मॅट्रिक झालेले तुम्ही पहिले. आजोबांच्या काळी पोरगं तापलं की देवऋष्याकडे न्यायचे आणि लिंबू-नारळात दिवस जायचे. छप्पन्नला आपल्या लोकांनी देव सोडले. तुम्ही म्हणायचात, "देव सोडले ते डोळे उघडायला सोडले. बघितल्याबिगर मानायचं न्हाई." ज्याच्या आजोबाला गावच्या विहिरीत वाकून बघता येत नव्हतं, तो माणूस भिंगातून जंतू बघत होता. ह्याचा मला अभिमान होता. आजही आहे, आणि ह्यामुळेच तुमच्यावरचा राग मला नीट काढता येत नाही. दगड पुजणारा बाप असता तर सोपं झालं असतं. तुम्ही काचेची बशी बघितलीत. पन्नास, शंभर, दोनशे बशा बघितल्यात आणि त्यावरून नियम बांधलात. नियम बांधल्यावर मात्र तुम्ही बघणं थांबवलंत. हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

नियम एकदा बरोबर निघाला, तेच वाईट झालं. रोजगार हमीच्या कामावरचा एक माणूस, पायावर दगड पडून बोट सडत आलेलं. औषध लागू पडेना तेव्हा डॉक्टर बोट काढायचं म्हणत होते. तुम्ही बशी नेऊन दाखवलीत : "साहेब, ठिपके बारीक हायत. जंतूत जोर न्हाई. थांबा." थांबले, आणि बोट वाचलं. जखम रोज दोनदा धुणाऱ्या सिस्टरबाईंचं कुणी नाव घेतलं नाही. तुमचं नाव झालं. तेव्हा मी एका दैनिकाच्या लातूर कचेरीत नवा होतो. मी बातमी केली आणि त्यात 'विषारी, भयंकर जंतू' असं लिहिलं. तुम्ही दुपारच्या सुट्टीत सायकल मारत कचेरीत आलात. आमचे प्रमुख, जाहिरातीवाले, चहावाला, सगळे होते. तुम्ही अंक टेबलावर आपटलात. "भयंकर? बघितलास का तू? न बघता लिहितोस अन् लोकांना घाबरवतोस?" मी बावीस वर्षांचा होतो. त्या दिवसापासून तुमच्यासमोर जंतू हा शब्द मी उच्चारला नाही. माय आजारी पडली तेव्हाही नाही.

टँकर गल्लीत यायचा तेव्हा माय नळी टाकीत घालायला इतर बायकांसोबत धावायची. त्याच पाण्यानं झालं असेल, खात्रीनं कुणाला सांगता येणार? चार दिवस ताप उतरला नाही तेव्हा तुम्हीच सुई घेऊन बसलात. माय म्हणाली, "हळू टोचा. सरकारी रक्त न्हाई ते." तुम्ही तिचं रक्त त्याच बाटलीत घातलंत, जी तिच्याच कुकरात उकळली होती. तिसऱ्या दिवशी कळलं, टायफॉइड. आणि टायफॉइडवर तेव्हा जे औषध सगळे द्यायचे, त्या टिकलीभोवती रिंगण पडलं नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी घरी आलात तो चेहरा मला विसरता येत नाही. तुम्ही हलके झाला होतात. पायरीवरूनच म्हणालात, "ठिपके एकदम बारीक हायत. कालच्याला दिसतबी नव्हते." डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, नांदेडला हलवा, तिथं दुसरं इंजेक्शन मिळेल, इथल्या साठ्यात नाही. डॉक्टर तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि बोटाची गोष्ट त्यांनी पाहिली होती. तुम्ही बशी समोर धरलीत. ते म्हणाले, "तुमचा अनुभव आहे. दोन दिवस बघा, पण जास्त नको." जे औषध चालत नाही ते तुम्हीच बंद केलंत. पेज, नारळपाणी मिळालं तर तेवढं, कपाळावर पट्ट्या, आणि जंतू अशक्त आहे हा भरवसा.

मावशी अर्धापूरहून आली. तिनं बहिणीकडे बघितलं आणि सरळ तुमच्यासमोर जाऊन बसली. "दाजी, पाया पडते तुमच्या. एसटीत घालू अन् नेऊ नांदेडला. माझी ओळख हाय दवाखान्यात."

"टायफॉइडच्या माणसाला हादरे बसू द्यायचे नसतात. अहमदपूरपासून लोह्यापर्यंत रस्ता कसा हाय, तू आत्ताच आलीस त्याच्यावरून."

"मी आले ना जित्ती?"

"तुला टायफॉइड न्हाई." आणि मग शांतपणे, मावशीला कळावं म्हणून, तुम्ही ठिपक्यांचं सांगितलंत. आतून मायचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "एवढा अशक्त हाय म्हणता तो, मग मला का उठून बसवत न्हाई?"

तुम्ही कपाळावरची पट्टी भिजवायला उठलात. मी उंबऱ्यातच उभा होतो. मध्ये एक दिवस ताप अर्ध्यावर आला. तुम्ही मावशीकडे बघितलंत, आणि तिनं नांदेडचं नाव काढणं सोडलं. दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा तिथंच गेला. दोन दिवसांचे नऊ झाले. मग सकाळी माय किंचाळली आणि नंतर तिचा आवाजच येईना. पोट लाकडासारखं टणक झालं होतं. दवाखान्याची जीप मिळाली. तिचं डोकं मावशीच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, तुम्ही पुढं. लोह्याच्या पुढं तिनं पाणी मागितलं आणि तुम्ही मागे न बघता म्हणालात, देऊ नका. नांदेडच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, आतडं फुटलंय म्हणाले. मग कागद बघितला. "हे औषध चालत नाही हे तुम्हाला कळलं होतं?"

"हाव."

"मग इतके दिवस काय करत होता?"

तुम्ही म्हणालात, "जंतूत जोर नव्हता, साहेब."

डॉक्टर हात धुवायला गेले. माय दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

आता जे सांगतो ते तुम्हाला शिकवायला नाही. हे मी पोटासाठी शिकलो, मुदतीत मजकूर द्यायचा म्हणून शिकलो, आणि प्रत्येक वेळी ते तुमच्याविरुद्ध लिहितोय असं वाटत राहिलं. औषधाचं ओझं घेतलेला जंतू मंदावतो, हे खरं आहे. पुष्कळदा खरं आहे. पण सगळे मंदावत नाहीत. काही जण आधी मंदावतात आणि पिढ्या उलटल्या की ओझं न टाकताच चालायला शिकतात. आणि जंतूंच्या पिढ्या तासाभरात उलटतात. काही जणांकडे औषधाला तोंड द्यायची हिकमत आणि माणसाला पाडायची हिकमत एकाच गाठोड्यात बांधलेली असते, आणि ते गाठोडं ते शेजारच्या जंतूला देऊनही टाकतात. शिवाय बशी म्हणजे माणूस नाही. खिरीवर हळू वाढणारा रक्तात कसा वाढेल हे ठिपक्याच्या आकारावरून कळत नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवलं, तुमचा नियम शंभर टक्के खरा धरला, मायच्या अंगातला जंतू सगळ्यांत दुबळा होता असं मानलं, तरी औषध चालत नाही म्हटल्यावर त्याला वेळ मिळाला. दुबळ्यालाही नऊ दिवस पुरतात. जळण तिचं गेलं.

तुम्ही अर्धे बरोबर होता, बाबा. पूर्ण चुकीचे असता तर डॉक्टरांनी तुमचं ऐकलं नसतं.

तिच्या नंतर तुम्ही चौथ्या दिवशी कामावर गेलात. बाटल्या घरी आणणं बंद केलंत, कुकर मावशी घेऊन गेली. मी नांदेडच्या कचेरीत बदली मागून घेतली. पुढे तुम्हीही निवृत्त होऊन नांदेडला आलात आणि आपण एका घरात अकरा वर्षं राहिलो. पेपर, पाणी, तुमचा दमा, नातवाची शाळा. ह्याच्यापलीकडे आपण बोललो नाही. एकदा गल्लीतली दोन कॉलेजची पोरं तुम्हाला काही विचारायला आली होती आणि मी आतून ऐकलं. तुम्ही म्हणालात, "निबरपणा वेगळा, जहालपणा वेगळा." मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते आलं नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, "दोन्ही वेगळे तपासायचे. एकावरून दुसरं ठरवायचं न्हाई. अन् तपासता तपासता पेशंट घालवायचा न्हाई." पोरं वहीत लिहून घेत होती. मला तेव्हा बाहेर यायला हवं होतं. मी नळ सोडला आणि भांडी विसळत बसलो. तुम्ही गेलात तेव्हाही मी कोरडाच होतो. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे.

परवाचं पान सहा वाजून दहा मिनिटांनी सुटलं. मजकुरात मी एक परिच्छेद घातला, तुमच्या ह्या शेवटच्या बोलण्यातला, 'जुन्याजाणत्या तंत्रज्ञाचं म्हणणं' म्हणून. त्या मुलीनं विचारलं, "कोण हो सर हे? फोन नंबर द्या ना, कोट घेते." मी म्हणालो, आता नाहीत ते.

हे सगळं मी इथवर लिहिलं आणि वाचून बघितलं. नीट बसलंय. कोण चुकलं ते वाचणाऱ्याला स्पष्ट कळतं. इतकी वर्षं मी असंच सांगत आलो. मावशीला, माझ्या बायकोला, पोरालाही, की बाबांनी ठरवलं, बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. पण डॉक्टरांनी चिठ्ठी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशी यायच्या आधी, तुम्ही दवाखान्याच्या फाटकापाशी सायकल धरून उभे होता. मी कचेरीत निघालो होतो. तुम्ही मला थांबवलंत आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मला विचारलंत, "न्यावं का रे तिला? तुला काय वाटतं?" मंत्र्यांचा दुष्काळ पाहणीचा दौरा होता. नव्या जिल्ह्यातला पहिलाच, आणि पत्रकारांच्या जीपमध्ये मला जागा मिळाली होती. नांदेडला निघालो असतो तर मला सोबत यावं लागलं असतं. मी म्हणालो, "दोन दिवस थांबू की, बाबा. दौरा उरकू द्या." तुम्ही मान हलवलीत आणि सायकल आत घेतलीत.

तुम्ही हे कधी कुणाला सांगितलं नाहीत. मीही नाही.